खिशातले टपाल आणि त्याचे कुलूप

भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये गेलात, तर लेथ, मिलिंग यंत्रे आणि तेलाने माखलेले हात दिसतील. तेथे घडलेला सुटा भाग चाकणच्या मोटार कारखान्यात जातो. पण त्या भागाचे ड्रॉइंग, ऑर्डर आणि बिल हा सारा व्यवहार हल्ली ई-मेलने होतो आणि ती ई-मेल बहुधा मालकाच्या खिशातल्या मोबाइलवर उघडली जाते. ह्या टपालाला कुलूप कसे लावतात, ते आपण पाहू.

ई-मेलच्या पत्त्यात ‘अ‍ॅट’ हे चिन्ह प्रथम वापरले ते रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्याने, १९७१ साली. पत्र एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कसे द्यावे ह्याचे एसएमटीपी नावाचे नियम १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी संगणकांच्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि प्रयोगशाळाच होत्या, म्हणून पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची तरतूद त्या नियमांत केलेली नव्हती. पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच हे होय.

पुढे ह्यावर उपाय निघाला. पाठवणाऱ्या संस्थेचा सर्व्हर पत्रावर गणिती सही करतो आणि घेणारा सर्व्हर ती पडताळून पाहतो. मात्र ही सही एवढेच सांगते, की पत्र अमुक पत्त्यावरून खरोखर आले. तो पत्ताच फसवा असला तर? इंग्रजी लहान लिपीत ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे शेजारी ठेवा. लांबून ती ‘एम’ दिसतात. ठगाने असा जुळा पत्ता रीतसर विकत घेतला, तर त्याच्या पत्रावरची सही अगदी खरी ठरते! त्यातून मोबाइलचा पडदा लहान. त्यावर बहुतेक वेळा केवळ नाव दिसते, पत्ता दिसतच नाही.

समजा, वर्कशॉपला पोलाद पुरवणाऱ्याच्या नावाने पत्र आले: ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यात भरा.’ अशा वेळी त्या पत्राला उत्तर देऊन खात्री करणे व्यर्थ आहे, कारण उत्तर ठगाकडेच जाईल. आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एक कोटीहून अधिक रुपयांची फसवणूक उघडकीस आली. तेथे माध्यम व्हॉट्सअ‍ॅप होते, पण युक्ती हीच: वरिष्ठांचे नाव आणि पैसे भरण्याची घाई.

आता कुलपाकडे वळू. पासवर्ड चोरीला गेला तरी खाते उघडू नये म्हणून दुसरी किल्ली असते: मोबाइलवर दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी आकडा. गंमत अशी, की तो इंटरनेट बंद असतानाही दिसतो. हे कसे? सुरुवातीलाच मोबाइल आणि सर्व्हर एक गुप्त संख्या वाटून घेतात. त्यानंतर दोघेही १ जानेवारी १९७० पासून ३० सेकंदांचे किती टप्पे झाले ते मोजतात आणि गुप्त संख्या व टप्प्यांची संख्या एकाच गणिती क्रियेत घालतात. माहिती तीच, क्रिया तीच, म्हणून उत्तरही तेच. मोबाइलचे घड्याळ बरेच चुकलेले असेल, तर आकडा जुळत नाही. सहा अंकांचे एकूण दहा लाख आकडे होतात, तेव्हा अंदाजाने बरोबर आकडा सापडणे कठीण. पण तुम्हीच तो खोट्या पानावर टाइप केलात, तर ठग त्याच अर्ध्या मिनिटात तो वापरू शकतो.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. खात्यात घुसलेला माणूस ‘प्रत्येक पत्राची प्रत अमुक पत्त्यावर पाठवावी’ असा नियम लावून ठेवतो. नंतर पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो! म्हणून पासवर्ड बदलताना सेटिंगमधील ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ अवश्य तपासावेत आणि इतर उपकरणांवर उघडे राहिलेले खाते बंद करावे.

पैसे गेलेच, तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता असते.

करून पाहा: घरच्या मोबाइलवर आलेली दहा पत्रे उघडा, पाठवणाऱ्याच्या नावावर बोट टेकवा आणि पूर्ण पत्ता वहीत उतरवून घ्या. नाव आणि पत्ता न जुळणारी किती निघतात?