रिपोर्ट बाजूला ठेवा, कॅलेंडर आणा

ठाण्यात खोपटला माझ्या दवाखान्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुली येतात त्या बहुधा दहावीची परीक्षा आटोपल्यावर. वर्षभर 'अभ्यासाचं टेन्शन असेल' म्हणून पाळीकडे कानाडोळा झालेला असतो. मग कुणीतरी सुचवतं, परस्पर सोनोग्राफी होते आणि रिपोर्टमधलं 'पीसीओडी', म्हणजे अंडाशयात गाठी, असं वाचून आईच्या पोटात गोळा येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, हिला पुढे मूल होईल ना?" मुलगी शेजारच्याच खुर्चीत बसून हे ऐकत असते. तिला अजून अकरावीचं कॉलेजसुद्धा मिळालेलं नसतं!

होईल हो. पीसीओडी असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात, काहींना थोडी औषधांची मदत लागते. पण आजचा प्रश्न तो नाहीच.

रिपोर्टमधल्या 'गाठी' म्हणजे ट्यूमर नव्हेत. त्या स्त्रीबीजाच्या बारीक पिशव्या असतात, वाढ अर्ध्यावर थांबलेल्या. वयात येणाऱ्या निरोगी मुलींमध्येही त्या भरपूर दिसतात. म्हणूनच पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं. २०२३ च्या सुधारित सूचनाही किशोरींसाठी सोनोग्राफी नकोच म्हणतात. निकष बदलला की काय होतं बघा. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका निकषाने २२.५ टक्के मुली पीसीओडीत बसल्या. पुरुषी संप्रेरक वाढल्याची खूण हवीच, अशी अट घातल्यावर त्याच मुलींमध्ये प्रमाण आलं १०.७ टक्के.

मग बघायचं काय? कॅलेंडर. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष मागेपुढे होणारच, काळजी नको. पुढची दोन वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, तीन वर्षांनंतर २१ ते ३५. पहिलं वर्ष सरल्यावर एकदा जरी ९० दिवस पाळी आली नाही, किंवा पंधरावं संपलं तरी आलीच नाही, तर दाखवायला या. अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकाच्या खुणा, म्हणजे हनुवटीवर राठ केस, हटत नसलेली मुरुमं, रक्तातलं वाढलेलं प्रमाण, हे दोन्ही असेल तरच किशोरवयात पीसीओडी म्हणायचं. तेही थायरॉईड, प्रोलॅक्टिन वगैरे तपासून.

आणि मान बघा. कितीतरी आया सांगतात, "अहो, रोज डाळीचं पीठ लावून घासते, तरी काळी ती काळीच." मुलीची मान अक्षरशः सोललेली असते. तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं आणि कातडी जाड, काळसर होते. तेच जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरक बनवायला लावतं, बीज पक्व होत नाही, पाळी लांबते. तेव्हा घासणं थांबवा आणि साखर तपासून घ्या.

उपाय घरातच सुरू होतो, पण एकट्या मुलीवर नाही. भाऊ वेफर्स खातोय आणि हिच्या ताटात काकडी, ही शिक्षा झाली. सगळ्यांसाठीच भात थोडा कमी, उसळ जास्त करा. क्लास सुटल्यावर नऊ वाजता वडापाव आणि साडेदहाला जेवण, हा क्रम बदला. संध्याकाळी डब्यात चणे, अंडं, काहीही द्या. मामलेदारची मिसळ कधीमधी खा की, मी काही तुरुंगाधिकारी नाही. बाबांनी तिला घेऊन कचराळी तलावाला भराभर फेऱ्या माराव्यात. या वयात रोज तासभर घाम निघायला हवा. वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते. सत्तर किलोला साडेतीनच किलो. बारीक मुलींनाही पीसीओडी होतो, त्यांना उपाशी ठेवू नका. आणि 'जाडे' ही हाक आजपासून बंद.

आता गोळ्या. मेडिकलवाला स्ट्रिप देताना म्हणतो, "ही तर कुटुंबनियोजनाची गोळी," आणि बाबा घरी न जाता तडक माझ्याकडे. गोळी तीच आहे, खरंय. ती पाळी नियमित करते, गर्भाशयाचं अस्तर साचू देत नाही, मुरुमं-केस आटोक्यात ठेवते. तिने वंध्यत्व येत नाही. मात्र घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील किंवा मुलीला डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी येत असेल, तर आधी सांगा. काहींना इन्सुलिनचा परिणाम सुधारणारं मेटफॉर्मिन लागतं.

येताना मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा आणा. तपासणी झाली की दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा. तिला एकटीला काही विचारायचं असतं, आणि बहुतेक वेळा ते हनुवटीच्या केसांबद्दल असतं.