स्प्रेच्या आधी फेव्हिकॉल

एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांना नियम घालून दिले, तेव्हा त्यांची रणभूमी लाकडी ठोकळे, पुठ्ठा आणि झाडांच्या डहाळ्या यांतूनच उभी राहत असे. आज ‘वॉरहॅमर’सारख्या खेळांतले २८ मिलिमीटरचे सैनिक महाग पडतात; त्यांच्यासाठी टेकडी, भिंत किंवा पडका वाडा मात्र आजही घरच्या सामानातून झकास होतो. घात होतो तो बहुतेकदा रंग देताना.

आमच्या गटातल्या एका मुलाने टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलची सुरेख टेकडी कोरली होती. कडे, कपारी, वर चढणारी नागमोडी वाट, सारे काही. काम लवकर उरकावे म्हणून त्याने तिच्यावर थेट काळा स्प्रे मारला. मी शेजारीच उभा होतो. आधी बारीक चरचर ऐकू आली, मग जागोजागी खड्डे पडू लागले, कडा आत ओढल्या गेल्या आणि वाट दिसेनाशी झाली.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि स्प्रेमधल्या द्रावकांत ते विरघळते. चपला चिकटवायचे पिवळे सोल्यूशन आणि झटपट चिकटणारा गोंदही त्याला खातात.

म्हणून क्रम पाळावा. जोडकामाला फेव्हिकॉलच वापरावा. कोरीवकाम झाले की त्याचाच हात देऊन चाळलेली वाळू भुरभुरावी. ती पक्की वाळल्यावर फेव्हिकॉल, काळा ॲक्रिलिक रंग आणि थोडे पाणी यांचे मिश्रण दोनदा लावावे. कपारी आणि तळाच्या कडा सुटू देऊ नयेत. मग तपकिरी रंग द्यावा. शेवटी फिकट रंगात बुडवलेला ब्रश वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसून उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. खडकाचा पोत उठून दिसतो.

बैठकीला पातळ पुठ्ठा नको. फेव्हिकॉल वाळताना आकसतो आणि पुठ्ठा वाकतो. ३ मिलिमीटरचा एमडीएफ बरा. पुठ्ठाच वापरायचा असेल तर दोन्ही बाजूंनी लेप द्यावा आणि हाताला ओल लागेनाशी झाली की वजनाखाली ठेवावा. पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ लागतो, तो द्यावाच.

टेकडीचा उतार गुळगुळीत ठेवला तर सैनिक घसरतात. पायऱ्या ठेवाव्यात आणि प्रत्येक पायरी सैनिकाच्या पायाखालच्या चकतीपेक्षा रुंद असावी. चकती २५ मिलिमीटरची असेल, तर ३५ची पायरी सोयीची.

महाराष्ट्रात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. तेव्हा नवे थर्माकोल शोधत फिरू नये. खोक्यांचा नालीदार पुठ्ठा थरावर थर चिकटवला तरी भक्कम टेकडी होते. पुठ्ठ्याला स्प्रे चालतो. थर्माकोलवर मात्र शेवटचे व्हार्निशही ब्रशने लावायचे, तेही पाण्यात मिसळणारे. स्प्रेचे व्हार्निश लेपातल्या टाचणीएवढ्या फटीतूनसुद्धा आत शिरते.