शब्बाथवारी सोडलेली गाठ
(वाचावे: लूक 13:10–17)

अठरा वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री शब्बाथवारी सभास्थानात होती. तिने काही मागितल्याचे लिहिलेले नाही. प्रभूनेच तिला जवळ बोलाविले, तिच्यावर हात ठेविले, आणि ती सरळ उभी राहून देवाचे गौरव करू लागली. सभास्थानाच्या अधिकाऱ्यास राग आला तो येशूचा. परंतु दटाविले त्याने लोकांस, की बरे व्हावयाचे तर इतर सहा दिवसांत यावे. (दुबळ्यावर राग काढण्याची ही खोड आम्हां उपदेशकांतही आहे.)

प्रभूने गोठ्यातलेच उदाहरण दिले. शब्बाथवारीही बैल व गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेतातच. रात्री बांधलेले जनावर सकाळी सोडावे, आणि सैतानाने अठरा वर्षे बांधलेल्या अब्राहामाच्या कन्येने उद्यापर्यंत थांबावे काय?

आता अनुवाद 5:14, 15 काढून पाहा. तेथे विसावा दासदासींस, बैलास व गाढवासही नेमिला आहे; कारण हे की, इस्राएल मिसर देशी दास असता देवाने त्यांस सोडविले. अधिकाऱ्यास आज्ञा पाठ होती, तिचे कारण तो विसरला. म्हणून कोणी बहीण रविवारी उपासनेस उशिरा आली, तर बोल लावण्यापूर्वी घरी कोण आजारी आहे, हे विचारावे.

त्या दिवशी विरोधक लज्जित झाले. आनंद केला तो लोकसमुदायाने, ज्यांस नुकतेच दटाविले होते त्यांनीच.