सागरतीरावरील वैद्य : निवड, अध्ययन आणि स्थैर्य

उपोद्घात

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच अभ्यासला आहे. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद, प्रत्येकाचे चार गुण आणि या चौघांत वैद्याचे प्राधान्य हे विवेचन आपल्याला मुखोद्गत असते. परंतु ज्या गावात पहिला पादच उपस्थित नाही, तेथे उरलेल्या तीन पादांचे काय करावयाचे, हा प्रश्न परीक्षेत कोणी विचारीत नाही. सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर मात्र तो दर पावसाळ्यात उभा राहतो. ग्रामीण भागासाठी वैद्य कसा निवडावा, कसा घडवावा आणि तो तेथे टिकावा म्हणून काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या विषयाची चर्चा बहुधा वेतन आणि बंधपत्र या दोन शब्दांतच संपते. आमच्या मते विचाराचे खरे सूत्र आपल्या संहितांतच आहे.

देशविचार

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. म्हणजे दहा वर्षांत ती एकोणीस हजारांहून अधिक घटली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आढळल्या. कर्ता पुरुष मुंबईला आणि घरी वृद्ध आईवडील, हे कोकणचे जुने चित्र या आकड्यांत स्पष्ट दिसते. वृद्ध जेथे अधिक तेथे वैद्याची गरज अधिक. आणि वैद्य होऊ शकेल असा तरुण तर गाव सोडून गेलेला.

दुसरा मुद्दा अंतराचा. सर्वसाधारण प्रदेशात ३० हजार आणि डोंगराळ वा आदिवासी प्रदेशात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा शासकीय निकष आहे. सिंधुदुर्गात २०११ मध्ये दर चौरस किलोमीटरला सरासरी १६३ माणसे राहत होती. या घनतेने ३० हजार लोक सुमारे १८४ चौरस किलोमीटर क्षेत्रात विखुरतात. डोंगराळ निकष लावला तरी हे क्षेत्र १२० चौरस किलोमीटरहून अधिक भरते. त्यातच येथील गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नसून डोंगर, व्हाळ आणि खाडी यांनी विभागलेल्या वाड्यांचा समूह असतो. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर राहणाऱ्या रुग्णाला आषाढातील रात्री किती लोकसंख्येमागे एक केंद्र आहे याच्याशी कर्तव्य नसते. हाकेच्या अंतरावर जाणता माणूस आहे की नाही, एवढेच त्याला हवे असते.

देशविशिष्ट व्याधी

कोकण हा आनूप देश. त्याचे व्याधीही त्याच्या भूमीला अनुसरून आहेत. भातशेतीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस या जिल्ह्याला नवा नाही. तीव्र ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना, डोळ्यांची लाली आणि पुढे कावीळ वा मूत्राल्पता हा क्रम ज्याने पाहिला आहे, तो पहिल्या भेटीतच सावध होतो. ज्याने पाहिला नाही, तो त्यास साधा ज्वर समजून दोन मोलाचे दिवस गमावतो. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर परिसरात आणि पुढच्या वर्षी बांदा भागात माकडतापाने थैमान घातले. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या अरण्यात प्रथम ओळखला गेलेला हा गोचिडीद्वारे पसरणारा व्याधी आपल्या काजूबागांपर्यंत पोहोचला होता. अशा वेळी मृत माकडाची वार्ता आणि तापाचा रुग्ण यांचा संबंध जोडणारा पहिला माणूस बहुधा गावातला वैद्य, आरोग्यसेविका किंवा आशा कार्यकर्ती हाच असतो.

स्थानिक व्याधीचे ज्ञान स्थानिक वास्तव्यातूनच उपजते, याचा कोकणातील श्रेष्ठ दाखला विंचूदंशाचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण त्यांनी रात्र-रात्र शय्येजवळ बसून पाहिले आणि लक्षणांचा क्रम टिपून ठेवला. पुढे पुण्यात एम.डी. करून ते पुन्हा महाड परिसरातच परतले. प्राझोसिन या औषधाचा त्यांनी केलेला उपयोग विंचूदंशाच्या चिकित्सेला निर्णायक वळण देणारा ठरला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चरकाचार्यांनी वैद्याच्या गुणांत शास्त्रज्ञानाच्या पाठोपाठ दृष्टकर्मता, म्हणजे कर्म पुनःपुन्हा पाहिलेले असणे, सांगितली आहे. ती एका वर्षाच्या बंधपत्राने येत नाही. वैद्य टिकणे ही केवळ प्रशासकीय सोय नव्हे. ज्ञान निर्माण होण्याची ती अट आहे.

शिष्यपरीक्षा

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शास्त्र, आचार्य आणि शिष्य या तिघांचीही परीक्षा सांगितली आहे. आज शिष्याची परीक्षा म्हणजे प्रवेशपरीक्षेतील गुण. तो कोठून आला आणि कोठे परतणार, हे कोणी पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दुर्गम भागात आरोग्यसेवक टिकविण्यासंबंधी शिफारशी प्रसिद्ध केल्या व २०२१ मध्ये त्या अद्ययावत केल्या. त्यांतील अग्रगण्य शिफारस अशी की, ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेशात प्राधान्य द्यावे आणि शिक्षणसंस्था महानगरांच्या बाहेर असाव्यात. जपानमध्ये १९७२ साली स्थापन झालेले जिची वैद्यक विद्यापीठ याच तत्त्वावर चालते. तेथे देशाच्या प्रत्येक प्रांतातून मोजके विद्यार्थी निवडले जातात आणि शिक्षणखर्चाच्या बदल्यात ते साधारण नऊ वर्षे आपापल्या प्रांतात सेवा देतात. ही सेवा परक्या मुलुखात नव्हे, स्वतःच्या प्रांतात असते, हे त्यातील मर्म आहे.

या दृष्टीने सिंधुदुर्ग आज पूर्वीइतका निर्धन नाही. सावंतवाडीस भाईसाहेब सावंत आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून जिल्ह्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही लाभले. परंतु जिल्ह्यात महाविद्यालय असणे आणि जिल्ह्यातील मूल त्यात शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आचरा किंवा मसुरे येथील दहावीच्या वर्गात बसलेल्या मुलीला आपण वैद्य होऊ शकतो असे वाटले पाहिजे. हे काम शासनाचे नव्हे. तिच्या गावातील वैद्याचे आहे.

योग्या

सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात भोपळा, कमलनाल, पाण्याने भरलेली चर्मथैली अशा वस्तूंवर हात बसविल्याखेरीज शिष्य कर्मास योग्य होत नाही, असे बजावले आहे. येथे आपण थोडे अंतर्मुख व्हावे. २०१० च्या सुमारास छत्तीसगडमध्ये प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील चिकित्सकांच्या क्षमतेची तुलना करण्यात आली. नेहमी आढळणाऱ्या व्याधींच्या बाबतीत एम.बी.बी.एस. अधिकारी आणि तीन वर्षांचा विशेष अभ्यासक्रम पूर्ण केलेले ग्रामीण चिकित्सा सहाय्यक जवळजवळ तुल्यबळ ठरले; आयुष चिकित्सक त्यांच्या मागे राहिले. या निष्कर्षाने आपण रुष्ट होऊ नये. आमच्या मते तो शास्त्राच्या न्यूनतेचा नसून योग्येच्या अभावाचा आहे. ज्या कामासाठी आपल्या स्नातकांना तेथे नेमले, त्या कामाची पूर्वतयारी त्यांना पुरेशी मिळाली नव्हती.

महाराष्ट्रात २५ नोव्हेंबर १९९२ च्या अधिसूचनेने विवक्षित पात्रताधारकांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधांची मुभा दिली. परंतु कायद्याची मुभा आणि हाताचे कौशल्य एक नव्हे. सर्पदंशाच्या रुग्णास आवळपट्टी न बांधता, अवयव स्थिर ठेवून, प्रतिविष उपलब्ध असलेल्या केंद्रात त्वरित पाठविणे. प्रसूत स्त्रीचा रक्तस्राव ओळखणे. लेप्टोच्या संशयित रुग्णाचे मूत्रप्रमाण मोजणे. आणि आपली मर्यादा जाणून वेळीच रुग्ण पुढे धाडणे, हे सारे आंतरवासितेतच हातात उतरले पाहिजे. रुग्णाची बोलीही शिकली पाहिजे. मालवणीत सांगितलेले दुखणे न समजणाऱ्या चिकित्सकाची प्रश्नपरीक्षा अर्धीच राहते.

तद्विद्यसंभाषा

आमच्या परिचयातील एक तरुण वैद्य किनाऱ्यावरील एका गावात उत्साहाने स्थायिक झाला. लोकांनी त्यास आपलेसे केले, उत्पन्नही बेताचे का होईना होते. दुसऱ्या पावसाळ्यात त्याने गाव सोडले. आम्ही कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "पैशासाठी नाही गेलो. त्या रात्री तापाचा रुग्ण समोर होता, डोळे पिवळे होत होते आणि मला विचारायला कोणी नव्हते." तो रुग्ण पुढे वाचला, परंतु ती रात्र त्या वैद्याच्या मनातून गेली नाही. हे ऐकून आम्हास आपलीच लाज वाटली. दूरध्वनी आमच्याकडे होता, अनुभवही होता. रात्री केव्हाही विचार, असे आम्ही त्यास कधी सांगितले नव्हते.

चरकाचार्यांनी तद्विद्यसंभाषेचे, विशेषतः संधायसंभाषेचे, माहात्म्य सांगितले आहे. समशास्त्र्यांशी सौहार्दाने केलेल्या चर्चेने ज्ञान वाढते, संशय फिटतो. जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. तेथे शिक्षण एकदाच होऊन संपले नाही. सेविका पुनःपुन्हा केंद्रात एकत्र जमत, आपले अनुभव सांगत, नवे शिकत. त्यांचे काम दीर्घकाळ टिकण्यामागे या सततच्या संगतीचा वाटा मोठा आहे. निरक्षर सेविकेस जो आधार मिळाला, तो पदवीधर वैद्यास आपण नाकारावा काय?

धनैषणा

तीन एषणांमध्ये प्राणैषणेच्या पाठोपाठ धनैषणेस स्थान देऊन संहिताकारांनी उपजीविका धर्म्य मानली आहे. म्हणून ग्रामीण सेवेचे गुणगान करताना वैद्याच्या उदरनिर्वाहाकडे डोळेझाक करणे अशास्त्रीयच ठरेल. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आपले अनेक स्नातक सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन उपकेंद्रांत काम करीत आहेत. २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेतही आपले वैद्य मोठ्या संख्येने आहेत. यांतील बरीचशी पदे कंत्राटी आहेत. ज्याची नियुक्ती ठरावीक मुदतीची, तो गावात घर बांधीत नाही आणि मुलांना तेथील शाळेत घालीत नाही. बंधपत्राने माणूस काही काळ अडकतो; तो रुजण्यास निवास, रजा, पाल्यांचे शिक्षण आणि पुढील बढतीची वाट लागते. रुग्णसेवेचा शेवटचा दुवाही दृढ हवा. जिल्ह्यातील गंभीर रुग्ण पिढ्यान्पिढ्या बांबोळीच्या गोमेकॉत जात आले. २०१८ मध्ये तेथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा परक्या आधाराची मर्यादा आपल्या सर्वांच्या ध्यानी आली.

उपसंहार

शासनाने करावयाच्या गोष्टी शासनाकडे मागत राहूच. परंतु संघटना म्हणून आपल्या हाती असलेल्या चार गोष्टी आम्ही सदस्यांपुढे ठेवतो.

१. प्रत्येक ज्येष्ठ वैद्याने वर्षातून किमान एका आंतरवासी विद्यार्थ्यास महाविद्यालयाच्या अनुमतीने काही आठवडे आपल्या चिकित्सालयात, शक्य तर आपल्या घरी, ठेवून घ्यावे.

२. दर महिन्यास एक तद्विद्यसंभाषा व्हावी. तीत यशस्वी रुग्णांबरोबरच चुकलेले निदानही निःसंकोच मांडावे. आरंभ ज्येष्ठांनी करावा.

३. पावसाळ्याच्या चार महिन्यांत रात्री दूरध्वनीवर सल्ला देणाऱ्या ज्येष्ठ वैद्यांची पाळी लावून ती यादी प्रत्येक तरुण सदस्याकडे द्यावी.

४. एकाकी वैद्यास आजारपण, बाळंतपण वा घरचे कार्य असता शेजारच्या गावातील वैद्याने ठरावीक दिवशी त्याच्या चिकित्सालयात बसावे. विश्रांतीविना कोणीही दीर्घकाळ टिकत नाही.

यांपैकी एकाही गोष्टीस शासननिर्णयाची आवश्यकता नाही. चतुष्पादात वैद्याचे प्राधान्य सांगणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी आहोत. तेव्हा गावातला वैद्य टिकविण्याचे दायित्वही प्रथम आपलेच. येत्या मृगनक्षत्रापूर्वी किमान तिसऱ्या सूचनेतील यादी तयार व्हावी, अशी विनंती करून हा लेख आम्ही येथे पूर्ण करतो.