वाय-फायचा राउटर : पैसे कुठे घालावेत, कुठे घालू नयेत



आपल्या धंद्यात आता इंटरनेट ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, नमुन्याचे चित्र मोबाइलवर येते, जी.एस.टी.चे विवरण संगणकावरून भरावे लागते आणि घरातल्या मुलांचा अभ्यासही त्याच जोडणीवर चालतो. जोडणी तुटली की काम तुटते. म्हणून आज आम्ही घरातील आणि घराला लागून असलेल्या कारखान्यातील वाय-फायचा राउटर कसा निवडावा याविषयी लिहीत आहोत. जे लिहितो आहोत ते आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो आहोत.

भिवंडीत आमच्या घराच्या तळमजल्यावर शिलाईचा लहानसा कारखाना आहे. सहा मशीन आणि एक कटिंगचे टेबल. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. दोन वर्षांपूर्वी रमजान ईदच्या तोंडावर एका व्यापाऱ्याची दोनशे कुर्त्यांची ऑर्डर हातात होती. संध्याकाळी त्याने मापांची सुधारलेली यादी व्हॉट्सॲपवर पाठविली. खाली कटिंग मास्तरांच्या फोनवर वाय-फायची खूण दिसत होती. परंतु प्रत्यक्षात संपर्क तुटलेला होता. रात्री साडेदहाला मास्तर जेवायला बाहेर पडले तेव्हा यादी उतरली. तोपर्यंत साठ कुर्त्यांचे कापड जुन्या मापाने कापून झाले होते. "भाई, माप तर आता आले!" एवढेच ते बोलू शकले. कापलेले कापड पुन्हा सांधता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रागाच्या भरात आम्ही बाजारात गेलो आणि साडेपाच हजारांचा, सहा अँटेनांचा राउटर घेऊन आलो. जुन्याच्याच जागी तो बसविला. चार दिवसांनी पुन्हा तीच रड! शेवटी शेजारचा एक वायरमन मुलगा वर आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला, "चाचा, हा डबा लोखंडी कपाटाच्या मागे का ठेवला आहे?"

या प्रश्नातच सगळा धडा आहे. राउटर बदलण्याआधी दोष कुठे आहे हे आम्ही पाहिलेच नव्हते.

आधी दोष ओळखा

घरात येणारे इंटरनेट आणि घरात पसरणारे वाय-फाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कंपनीच्या तारेने येते, दुसरी आपला राउटर हवेतून पसरवितो. तार मेली असेल तर दहा हजारांचा राउटरही काही करू शकत नाही. म्हणून सात दिवस एक वही ठेवावी. जोडणी केव्हा तुटली, कोणत्या खोलीत तुटली आणि त्या वेळी डब्यावरचे दिवे कसे होते, एवढे लिहावे. मग पुढीलप्रमाणे तपासावे :

१) फायबरच्या डब्यावर 'एल.ओ.एस.' लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर प्रकाशतारेतून संकेत येत नाही. हा दोष कंपनीचा किंवा तारेचा आहे. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. राउटर घेऊ नये.

२) दिवे ठीक असतील तर फोन घेऊन राउटरपासून चार-पाच फुटांवर बसावे. तिथे चांगले चालते आणि लांब तुटते, तर दोष हवेतल्या पसरण्याचा आहे. यावर उपाय आपल्या हाती आहे.

३) लॅपटॉप तारेने राउटरला जोडून पाहावा. तारेवरही तुटत असेल तर आतल्या वाय-फायला दोष देण्यात अर्थ नाही.

४) फक्त रात्रीच, सगळे घरी असताना संथ होत असेल तर भार जास्त आहे. साधारण स्पष्ट चित्राच्या एका व्हिडिओला ५ मेगाबिट वेग लागतो. यावरून आपला हिशेब आपणच मांडावा.

येथे आणखी एक खुलासा. योजनेतला वेग 'बिट'मध्ये सांगतात, फाइलचे वजन 'बाइट'मध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ४० मेगाबिटच्या योजनेत सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट माल उतरतो. ही फसवणूक नसून फक्त मापाचा फरक आहे. वार आणि मीटर यांच्यासारखाच.

जागा बदला, ती फुकट आहे

राउटर घराच्या मधोमध, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, उघड्यावर असावा. लोखंडी कपाट, आरसा, पत्रा आणि सळयांचा स्लॅब या लहरींना अडवितात किंवा परतवून लावतात. भरलेली पाण्याची टाकी त्या शोषून घेते. कोकणात जांभ्या दगडाच्या जाड भिंती असतात, तिथे दोन खोल्यांपलीकडे जोर फार कमी होतो. पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरच्या राउटरची लहर आत नीट शिरत नाही.

पुष्कळ घरांत तार जिथून आत येते त्याच कोपऱ्यात डबा लटकविलेला असतो. बसविणाऱ्याला तेच सोयीचे असते. त्याला विनंती करून तार मधल्या खोलीपर्यंत आणून घ्यावी.

लहरींचे दोन रस्ते

वाय-फाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंत बऱ्यापैकी ओलांडते. पण तो रस्ता गर्दीचा आहे. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात असतात. त्यात एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाटा तीनच धरतात : १, ६ आणि ११. दाट वस्तीत सगळ्यांचे राउटर त्याच तीन वाटांवर कोंडतात. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान आहे आणि तिथे गर्दी कमी. मात्र भिंतीपुढे ती लवकर थकते.

म्हणून आज नवीन राउटर घ्यावयाचा तर दोन्ही पट्ट्यांचा, म्हणजे 'ड्युअल बँड'च घ्यावा. फक्त २.४ चा राउटर शे-पाचशे रुपयांनी स्वस्त मिळतो. परंतु चाळीत किंवा गजबजलेल्या मोहल्ल्यात ती बचत महाग पडते. लक्षात ठेवावे की स्वस्तातले अनेक कॅमेरे फक्त २.४ वरच चालतात. ते त्यावर ठेवावेत आणि जवळचे फोन, लॅपटॉप ५ वर घ्यावेत.

डब्यावरचे आकडे

डब्यावर मोठ्या अक्षरांत 'एसी १२००' किंवा 'एएक्स १५००' असे छापलेले असते. गिऱ्हाइकाला वाटते की १२०० चा वेग मिळणार. खरे असे आहे की तो दोन पट्ट्यांच्या कागदी वेगांचा बेरीज केलेला आकडा आहे. एसी १२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, मिळून जवळपास १२००. एएक्स १५०० म्हणजे ३०० आणि १२०१. साधारणपणे फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि प्रत्यक्ष वेग कागदी वेगापेक्षा बराच कमी भरतो.

दुसरी खुबी राउटरच्या पाठीमागच्या तारेच्या छिद्रांत असते. काही स्वस्त राउटरांवर १२०० छापलेले असते, पण तारेचे छिद्र १०० मेगाबिटचेच असते. मोठ्या मडक्याला बारीक तोंड! आपली योजना १०० च्या आतली असेल तर चालेल. २०० किंवा ३०० ची असेल तर 'गिगाबिट पोर्ट' असलेलाच मागावा.

'वाय-फाय ४, ५, ६' ही नावे २०१८ साली ग्राहकांच्या सोयीसाठी ठरविण्यात आली. ४ ही जुनी पिढी, ५ मधली आणि ६ त्यानंतरची. ६ चा मोठा फायदा वेगापेक्षा गर्दीत दिसतो. जुना राउटर एकेका फोनला आळीपाळीने माल पोहोचवितो. ६ एकाच खेपेत अनेकांचा माल टाकणाऱ्या टेम्पोसारखा आहे. परंतु हा फायदा पूर्ण मिळण्यासाठी फोनही त्या पिढीचा लागतो. त्याहून नवे महागडे राउटर लहान घराला किंवा कारखान्याला सध्या नको आहेत.

अँटेना जास्त म्हणजे पल्ला जास्त, ही समजूत चुकीची आहे. लहरींच्या जोरावर सरकारने मर्यादा घातलेली आहे. चार अँटेनांचा राउटर आणि सहा अँटेनांचा राउटर, दोघेही त्याच स्लॅबला अडतात.

कोणाला काय पुरेल?

एक-दोन खोल्या, पाच-सहा फोन, १०० मेगाबिटपर्यंतची योजना : वाय-फाय ५ चा साधा ड्युअल बँड राउटर पुरे. भाव बदलत असतात, तरी हा दोन हजारांच्या आतबाहेर मिळतो.

मोठे कुटुंब, कॅमेरे, कारागिरांचे फोन मिळून दहा-पंधराच्या वर जोडण्या, किंवा १०० च्या पुढची योजना : गिगाबिट पोर्टचा, वाय-फाय ६ चा सुरुवातीचा राउटर. यासाठी हजार-पंधराशे रुपये जास्त देणे योग्य आहे.

वर घर आणि खाली कारखाना, किंवा मध्ये जाड भिंती : एका मोठ्या राउटरपेक्षा दोन लहान राउटर आणि मध्ये तार, हा मार्ग उत्तम. तार कॅट ५ई किंवा कॅट ६ ची, शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली घेऊ नये. अशी तार १०० मीटरपर्यंत काम देते. जुना राउटर 'ॲक्सेस पॉइंट' पद्धतीवर लावता येत असेल तर दुसरा विकत घेण्याचीही गरज नाही.

भिंतीच्या प्लगमध्ये लावावयाचे 'एक्स्टेंडर' स्वस्त असतात. परंतु एकाच लहरीवर घेणे आणि देणे दोन्ही करीत असल्याने ते वेग साधारण अर्धा करतात. लावावयाचाच तर लहर मरते त्या खोलीत न लावता, जिथे ती अजून चांगली येते अशा मधल्या जागी लावावा.

वीज आणि कुलूप

राउटर रोज बंद-चालू करावा लागत असेल आणि हाताला फार गरम लागत असेल तर आधी अडॅप्टर पाहावा. दुसरा बसविताना व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत. वीज गेली की तार जिवंत असूनही राउटर मरतो. त्यासाठी राउटरचा लहान यू.पी.एस. मिळतो. मात्र कंपनीचा फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे विसरू नये.

राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. सुरक्षेत 'डब्ल्यू.पी.ए. २' किंवा '३' निवडावे, 'डब्ल्यू.पी.एस.' बंद ठेवावे. गिऱ्हाइकांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'गेस्ट' नावाची वेगळी जोडणी द्यावी. ज्या जोडणीवरून बँकेचा व्यवहार होतो तिची किल्ली सगळ्या मोहल्ल्याकडे नसावी.

दुकानात विचारावयाचे प्रश्न

१) ड्युअल बँड आहे काय?
२) सगळे पोर्ट गिगाबिट आहेत काय?
३) आमच्या कंपनीच्या फायबरच्या डब्याला हा तारेने जोडता येईल काय? (टेलिफोनच्या तारेचा मोडेम-राउटर चुकून घेऊ नये.)
४) हमी किती वर्षांची, आणि बदलून कोण देणार, दुकान की कंपनी?
५) ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो काय?

पक्के बिल घ्यावे आणि डब्यावरचा व राउटरवरचा अनुक्रमांक जुळवून पाहावा. जी.एस.टी.ची नियमित नोंदणी असेल आणि राउटर धंद्यासाठी असेल तर बिलावर आपला नोंदणी क्रमांक घालून घ्यावा; भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ती मिळत नाही. जुना राउटर घ्यावयाचा तर त्याचे सॉफ्टवेअर अजून अद्ययावत होते की नाही आणि तो एखाद्याच कंपनीला बांधलेला नाही ना, हे पाहावे.

आता आमच्या घराचे सांगून थांबतो. त्या वायरमन मुलाने डबा कपाटामागून काढून जिन्याजवळ लावला. तिथून वीस मीटर तार खाली नेली आणि माळ्यावर टाकलेला जुनाच राउटर कटिंगच्या टेबलावर भिंतीला बसविला. तार आणि मजुरी मिळून आठशे रुपये झाले. साडेपाच हजारांचा राउटर दुकानदाराने परत घेतला नाही; घेण्याचे त्याला कारणही नव्हते, कारण तो बिघडलेलाच नव्हता.

त्यानंतरच्या ईदला ऑर्डर मोठी होती. कापड टेबलावर पसरण्यापूर्वी मास्तर आता व्यापाऱ्याला फोन करून विचारतात, "शेवटची यादी हीच ना?" वाय-फाय कितीही चांगले असले तरी कात्री लावण्यापूर्वीचा हा एक फोन आम्ही बंद केलेला नाही. आपणही करू नये.