लाँचर लिहिणाऱ्या भाचीस

चि. मीनल,

दुकानदारांसाठीच्या तुझ्या सॉफ्टवेअरचं बिलिंग, स्टॉक आणि अहवाल वेगवेगळ्या डीएलएल फायलींत ठेवायचे आणि एका छोट्या एक्झीतून, म्हणजे लाँचरमधून, ते लोड करायचे, हा बेत मला मनापासून आवडला. विंडोजवर क्रोमही असंच चालतं. आपण सुरू करतो ती एक्झी लहान असते. ब्राउझरचा मुख्य ऐवज क्रोम डॉट डीएलएलमध्ये, आवृत्तीच्या क्रमांकाच्या फोल्डरात असतो. म्हणून जुनी आवृत्ती चालू असतानाच नवी शेजारी येऊन बसू शकते.

मात्र एक गोष्ट मनात पक्की धर. लाँचरने लोड केलेली प्रत्येक फाइल तुझ्या प्रोग्रॅमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालते. तेव्हा काय लोड होतंय, हे नेमकं माहीत असलंच पाहिजे.

डीएलएल लोड करणाऱ्या लोडलायब्ररी फंक्शनला नुसतं फाइलचं नाव दिलंस, तर विंडोज साधारणपणे आधी एक्झीचं फोल्डर बघतं, मग सिस्टिमची फोल्डर, मग चालू फोल्डर आणि शेवटी पाथमधली. त्या नावाची जी फाइल आधी सापडेल, ती घेतं. २०१० च्या ऑगस्टमध्ये हाच धोका जगभर गाजला. नेटवर्कवरच्या फोल्डरातलं साधं डॉक्युमेंट उघडावं आणि शेजारी कुणी पेरून ठेवलेली डीएलएल चालू व्हावी, असं अनेक प्रोग्रॅममध्ये होऊ शकत होतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा इशारा दिला आणि पुढे शोधाच्या जागा आखून देणारी फंक्शन आणली. ती वापर. एक्झी कुठे आहे ते गेटमॉड्यूलफाइलनेमला विचार, त्यावरून डीएलएलचा पूर्ण पाथ तयार कर आणि तोच दे. प्रोग्रॅम फाइल्समध्येच इन्स्टॉल कर, म्हणजे साध्या युजरला तिथे परस्पर फाइल टाकता येणार नाही.

लोड झालं नाही, तर गेटलास्टएररचा आकडा लगेच घे. १२६ आला म्हणजे तुझीच फाइल हरवली असं समजू नकोस. ती जागेवर असते आणि तिला लागणारी दुसरी डीएलएल नसते, असं पुष्कळदा होतं. १९३ आला तर बहुधा ३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत असते. आकडा लॉगमध्ये लिही. पडद्यावर मात्र कोणता भाग उघडला नाही आणि आता काय करायचं, ते साध्या मराठीत सांग. अहवालाची डीएलएल बिघडली म्हणून बिलिंग अडता कामा नये. भाग वेगळे करण्याचा खरा फायदा तोच आहे.

लोड झाल्यावर आधी डीएलएलला तिची आवृत्ती विचार. जुळली तरच पुढे जा. एक्झी असो वा डीएलएल, जिने मेमरी घेतली, तिनेच ती सोडावी. डीएलएलमेनमधून दुसरी डीएलएल कधीही लोड करू नकोस. विंडोजचा लोडर तिथे कुलूप धरून असतो आणि प्रोग्रॅम जागीच अडकू शकतो.

आपल्या मशीनवर चाललं, एवढ्यावर विसंबू नकोस. डेव्हलपमेंटची कुठलीच साधनं नसलेल्या कोऱ्या विंडोजवर इन्स्टॉल कर. मग एकेक डीएलएल मुद्दाम काढून टाक आणि प्रोग्रॅम काय बोलतो ते बघ. गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकानदार तुझा प्रोग्रॅम उघडतो. डीएलएल म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही आणि असायची गरजही नाही. त्याच्या वतीने ते जाणण्याचं काम तू पत्करलं आहेस, ते चोख कर.

तुझा,
विनायकमामा