गवत कापणीचे यंत्र सुरू होत नसल्यास

पावसाळ्याच्या पहिल्या महिनाभरातच अंबरनाथ तालुक्यातील शाळांची आवारे, स्मशानभूमीच्या वाटा आणि रस्त्यांच्या कडा गवताने झाकून जातात. गवत वेळेवर न काढल्यास मुलांच्या वाटेत सापविंचवाचे भय उभे राहते. यासाठी नायलॉन दोरीने गवत छाटणारी पेट्रोलची यंत्रे आता सर्रास वापरली जातात. परंतु आठ महिने कोठीत पडून राहिलेले यंत्र नेमके जुलैत दगा देते आणि सुटे भाग बदलण्याची घाई होते. वस्तुतः दोष पुष्कळदा यंत्रात नसतो, तर टाकीत उरलेल्या जुन्या पेट्रोलमध्ये असतो.

सन २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण गाठले गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि कोकणच्या दमट हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी वाढले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. टाकीतील इंधननळीचे तोंडही तळाशीच असते. त्यामुळे इंजिनाला पेट्रोलऐवजी हे पाणीच मिळते. जुने पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी निराळा थर दिसल्यास ते यंत्रात वापरू नये. दोन फेऱ्यांच्या (टू-स्ट्रोक) इंजिनात ताज्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. २५ : १ या प्रमाणास लिटरमागे ४० मिलिलिटर, तर ५० : १ या प्रमाणास २० मिलिलिटर तेल लागते. कोणते प्रमाण घ्यावयाचे ते यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. चार फेऱ्यांच्या इंजिनात तेल स्वतंत्र भरतात. तेथे मिश्रण घालू नये.

इंधन बदलूनही इंजिन सुरू न झाल्यास स्पार्क प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर चोक लावून दोरी वारंवार ओढल्याने इंजिनात पेट्रोल साचले आहे, असे समजावे. प्लग पुसून कोरडा करावा, चोक उघडा ठेवून दोरी काही वेळा ओढावी आणि मग प्लग बसवावा. प्लग कोरडाच निघाला तर इंधन पोहोचत नाही. अशा वेळी टाकीतील गाळणी, तडकलेली नळी आणि कार्बोरेटरवरील रबरी फुगा तपासावा. कार्बोरेटरचा पातळ पडदा ताठर झाला असल्यास मात्र ते काम जाणत्या मेस्त्रीकडेच सोपवावे.

चालू यंत्राच्या तक्रारी निराळ्या असतात. काही मिनिटांनी बंद पडणारे यंत्र टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा चालू लागले, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. यंत्र चालते पण जोर धरत नाही, अशा वेळी हवेची गाळणी धुवावी आणि सायलेन्सरच्या जाळीवरील काजळी काढावी. तेल जास्त पडल्यास ही जाळी लवकर भरते.

यंत्र दुरुस्त झाले तरी ते सर्वत्र चालवू नये. वेगाने फिरणारी दोरी खडे दूरवर भिरकावते, म्हणून चष्मा व बूट आवश्यक आहेत, आणि शाळा भरलेली असताना आवारात हे काम घेऊ नये. वालधुनीकाठच्या शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिवमंदिरासारख्या कोरीव दगडाजवळ तर विळाच बरा.

हंगाम संपताच टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे. मिश्रणाच्या कॅनवर ते तयार केल्याची तारीख लिहावी आणि महिनाभरात संपेल एवढेच मिश्रण करावे.